दाजी, तुमचं रान कुठं जळलं?

दाजी,

तुम्हाला अग्नी दिल्यावर माझ्या हातून जे झालं ते आधी सांगतो, कारण ते मनातून जात नाही. वाडीतल्या प्रत्येक घरानं दोन-दोन लाकडं आणून दिली होती, तुमच्याकडं तशी रीतच आहे. त्यात आंब्याचा एक ओला ओंडका होता. जाळ धरला तशी त्याच्या टोकाला फेस आला, सूं असा बारीक आवाज सुरू झाला आणि पांढरी वाफ निघाली. माझ्या मनात आलं, हा ओला आहे, हा सगळा जाळ खाणार. पुढचं मागचं न बघता मी बाजूला पडलेला बांबू उचलला, तो ओंडका कडेला सारला, ऐनाचा सुका ओंडका पुढं घेतला, खालून हवेला वाट केली. मान वर केली तेव्हा तुमचा धाकटा भाऊ दत्ता माझ्याकडं बघत होता. त्यानंच तुम्हाला अग्नी दिला होता. मी बांबू खाली ठेवला.

ताईचा नवरा म्हणून नाही, तर बाप गेल्यावर ज्या माणसाकडं बघून मी मोठा झालो त्याची चिता समोर होती, आणि मला रडू यायच्या आधी जाळ कसा लागलाय ते दिसलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "संपतराव, हितं तरी कामावरनं सुट्टी घ्या."

अर्धं आयुष्य मी बॉयलरसमोर उभा आहे. किकवीतून पहाटे मोटरसायकल काढायची, सारोळ्याचा पूल ओलांडायचा, कारखान्यात शिरायचं आणि वाफ तयार करायची. त्या वाफेवर पुठ्ठा तयार होतो, पुठ्ठ्याची खोकी होतात. तुम्ही एकदा विचारलं होतं, खोक्यात काय भरता. मी म्हटलं, आम्ही काही भरत नाही, रिकामीच पाठवतो, भरणारे दुसरे. तुम्ही बराच वेळ नाचणीची कणसं निवडत राहिलात आणि म्हणालात, "रिकाम्या खोक्याला एवढा जाळ लागतो व्हय?" ताई हसली होती. मीही हसलो. टोमणा होता की नुसतीच चौकशी, ते तेव्हा कळलं नाही. आताही सांगता येत नाही.

लाकूड मलाही कळतं आणि तुम्हालाही कळायचं, पण आपलं कळणं वेगळं होतं. मला ते जळताना कळतं. ऐनाला राख जास्त, जांभूळ सावकाश जळतं, आंबा नुसता धूर करतो. तुम्हाला ते उभं असताना कळायचं. हिर्डोशीच्या पुढं एसटी सोडायची, तासभर चढायचं, तेव्हा तुमची वाडी येते. त्या चढणीला तुम्ही मला साल दाखवत न्यायचात. हा किंजळ, हा पिसा, ही अंजनी, फुलली की अख्खं झाड निळं होतं. घराच्या मागं तुम्हा दोघा भावांचं सामाईक रान होतं, खोरीचं रान. त्यातले हिरडे वेचून ताई अंगणात वाळत घालायची आणि तुम्ही पोती भोरला नेऊन द्यायचात. रानाच्या पोटाशी झरा होता. वाडीतल्या सात-आठ घरांच्या कळशा तिथंच भरायच्या.

आणि मग आमच्याकडं कोळसा बंद झाला, लाकूड सुरू झालं. हे मी तुम्हाला किती आनंदानं सांगितलं होतं. भोरच्या स्टँडवर चहा पीत बसलो होतो आपण. तुम्ही हिरड्याची पोती टाकून आला होता, मी ताईसाठी औषध घेऊन आलो होतो. मी सांगत होतो की आता खोकला गेला, रात्री छातीतून शिट्टी वाजत नाही, बायको म्हणते शर्टाला काळं पाणी सुटत नाही. कारखान्याच्या परदेशातल्या गिऱ्हाइकांनी अट घातली होती, कोळशावर केलेली खोकी नकोत. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, कोळसा जमिनीच्या पोटातला, तो जाळला की हवेत नवी घाण जाते. लाकूड जाळलं की जेवढं हवेत जातं तेवढं उगवणारं झाड परत ओढून घेतं. मला ते पटलं. अजूनही त्यांनी खोटं सांगितलं असं वाटत नाही. चांगल्या होत्या त्या, माझ्या राखेच्या ढिगाशेजारी उभं राहून चहा प्यायल्या.

तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे लाकूड येतं कुठनं?"

"ठेकेदार आणतो. लोकांच्या मालकीच्या रानातलं. परवानगीचं असतं सगळं."

"आन् ते तोडल्यालं चांगलं म्हनायचं?"

"दाजी, लाकूड पुन्हा उगवतं. कोळसा उगवतो का?"

तुम्ही बशीत चहा ओतला, पिऊन टाकला. एवढंच बोलणं झालं. तुमच्या दारात ठेकेदार दोनदा येऊन गेला होता, दत्ता पुण्याहून फोन करकरून मागं लागला होता आणि तुम्ही नाही म्हणत होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी वेगळं बोललो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो आणि रोज उत्तर वेगळं येतं.

त्या दिवाळीनंतर तुम्ही सही केलीत. झऱ्याच्या वरची एक पट्टी तेवढी राखायची, अशी अट घातलीत आणि बाकी रान ठेकेदाराला तोडायला दिलंत. मला कळलं ते तोडून झाल्यावर. ताईचा फोन आला, "रान दिलं." मी विचारलं, कुणी, का. ती म्हणाली, "तुजे दाजी म्हनले, दत्तूच्या वाट्याला आडवं कशाला यायचं. त्याचंबी लेकरूबाळ हाय." मला ते खरं वाटलं. तुम्हा दोघांना मूल झालं नाही. दत्ताच्या पोरींवर तुमचा जीव होता.

पुढच्या पावसाळ्याआधी मी आलो तेव्हा चढण ओळखू येईना. इतकी वर्षं त्या वाटेनं सावलीतून चाललेला माणूस मी, उघड्या माळावर डोक्याला रुमाल बांधून उभा राहिलो. तुम्ही पुढं चालत होता. झाडाचं नाव घ्यायला काही उरलं नव्हतं, तर तुम्ही खुंटांची नावं सांगत होता. तेव्हाही आपण भांडलो नाही. भांडलो ते यंदाच्या शिमग्याला.

झरा आटला होता. दरवर्षी वैशाखापर्यंत पुरणारं पाणी शिमग्यालाच संपलं होतं आणि ताई खालच्या विहिरीवरून पाणी वाहत होती. गॅसची टाकी रिकामी होती. ती भोरहून आणायची म्हणजे एक दिवस मोडतो, म्हणून चूल पेटवली होती आणि चुलीला काटक्या मिळवायला ताईला पूर्वीपेक्षा लांब जावं लागत होतं. मी पोळी खात होतो. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "संपतराव, तुमी म्हनला व्हता उगवतं."

मला राग आला. का आला? तुमचं खरं होतं म्हणून, की तुम्ही ते ताईसमोर काढलंत म्हणून? मी म्हटलं, "उगवतंय की. खुंटांना फुटवे आलेत, मी बघितले. वाडीतल्या शेळ्या ते खातात, त्याला मी काय करू? आणि गेल्या साली पाऊसच कमी पडला. खाली बंगलेवाल्यानं बोअर मारलंय. झरा त्यानं आटला नसेल कशावरून?"

"आसंल," तुम्ही म्हणालात.

"आणि मी तुम्हाला सही करायला सांगितलं नव्हतं."

तुम्ही पाण्याचा तांब्या उचलला, थोडंसंच प्यालात आणि परत ठेवला. "व्हय. तुमी न्हाई सांगितलं."

रानावरचं आपलं शेवटचं बोलणं हेच. नंतर मी एसटीला निघालो तेव्हा तुम्ही खालपर्यंत आलात नेहमीसारखे, माझी पिशवी घेऊन. पण गाडी येईपर्यंत आपण हवापाण्याचं बोललो.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. एसटीतच. भोर यायच्या अलीकडं छातीत कळ आली, कंडक्टरनं गाडी सरळ दवाखान्यात नेली, पण उपयोग झाला नाही. तुमच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता, म्हणून मला फोन आला. मी शिफ्टवर होतो. तुमची पिशवी मीच ताब्यात घेतली. तिच्यात नाचणीचं पीठ होतं, टूथब्रश होता, धुतलेला सदरा होता आणि लुंगी होती. म्हणजे मुक्कामाला निघाला होता. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "सकाळी उठले आन् म्हनले, संपतकडं जाऊन येतो. काय काम हाय म्हनून म्या इचारलं. म्हनले, काम न्हाई."

दाजी, काम नसताना तुम्ही कधी किकवीला आला नाहीत. भांडायला येत होता की भांडण मिटवायला? मी दोन्ही बाजूंनी कल्पना करून बघतो. एकदा तुम्ही दारात उभे राहून सरळ विचारता. एकदा तुम्ही काहीच न विचारता पीठ माझ्या बायकोच्या हातात देता आणि क्रिकेट लावायला सांगता. धुतलेल्या सदऱ्यावरून काही ठरवता येत नाही.

दहाव्याला दत्तानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं चितेपाशी मी जे केलं त्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, "संपतराव, एक सांगू का? सहीच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला व्हता. म्हनला, संपतराव बॉयलरवर हायती, त्यांस्नी यातलं कळतं. लाकूड जाळल्यालं चांगलं, पुन्यांदा उगवतं, आसं ते म्हनत्यात. मग देऊ म्हनला."

ताईला एक सांगितलंत, दत्ताला दुसरं. खरं कुठलं? माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही रान दिलंत, की भावासाठी द्यायचं ठरलंच होतं आणि मनाला समजावायला माझं वाक्य घेतलंत? पहिलं असेल तर मी तुमचा गुन्हेगार. दुसरं असेल तर मी नुसता एक कागदाचा कपटा, शाईचं बोट पुसायला घेतलेला. आणि खरं सांगू, गुन्हेगार असलेलं मला जास्त बरं वाटेल असं कधीकधी वाटतं.

कामावर परत गेलो. लाकडाचा ट्रक लागला होता. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, ते ड्रायव्हरला विचारलं, "माल कुठला?"

"वेल्ह्याकडचा," तो म्हणाला. "पहिल्यापासनं तिकडूनच येतोय आपल्याला."

"हिर्डोशीचा कधी आला?"

"न्हाई. तिकडचा ठेकेदार येगळा. त्याचा माल वीटभट्टीला जातो म्हनत्यात, आनखी कुठं कुठं जातो. आपल्याकडं न्हाई."

म्हणजे तुमचा एकही ओंडका माझ्या हातून जळला नाही. दाजी, मला हायसं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी माझ्या हातात दुसऱ्या कुणाच्या तरी दाजीचं लाकूड होतं. ते मी भट्टीत टाकलं. प्रेशर उतरायला लागलं होतं, टाकणं भागच होतं.

गुरुवारी सुट्टी होती. बायकोला सांगितलं नाही, नसरापूरवरून वेल्ह्याचा रस्ता धरला. ड्रायव्हरनं गाव सांगितलं होतं. तोडलेला डोंगर लांबूनच दिसला. पायथ्याला एक म्हातारी बाई म्हशीला वैरण टाकत होती. माझी गाडी थांबलेली बघून तिनं विचारलं, "प्लाट बघाया आलाव का?"

"न्हाई. लाकूड कुठनं येतं ते बघाया आलोय."

"ठेकेदाराचं मानूस?"

"न्हाई आजी. मी जाळनारा. कारखान्यात."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं आता शिव्या बसणार, आणि मी त्या ऐकून घ्यायच्या तयारीनं आलो होतो. तिनं मला पाणी दिलं. म्हणाली, "रान व्हतं तवर जागेला कुनी इचारत नव्हतं. साफ झालं तसा पुन्याचा मानूस आला. त्याला हितनं धरनाचं पानी दिसतं म्हनं. आता त्याचा बंगला व्हनार. माजी सून सैपाकाला जानार तितं. कामाला लांब जायला नगं तिला."

"वाईट नाही वाटलं? झाडं गेली तेव्हा?"

"वाटलं की," ती म्हणाली. "आन् बरंबी वाटलं. वाघरू यायचं रानातनं, दोन शेळ्या न्हेल्या व्हत्या." मग तिनं विचारलं, "तुमच्या कारखान्यात काय करत्यात?"

मी खोकी म्हटलं. तिनं घरात बोट दाखवलं. दाराआड पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. "लई कामाची आसत्यात," ती म्हणाली.

मी परत आलो तो जास्तच गोंधळून. तुमच्याशी भांडताना माझ्याकडं एक बाजू होती, तुमच्याकडं एक. आता बाजूच सापडत नाही. कोळसा परत आणा म्हणू? तो जिथून खणतात तिथंही कुणाची तरी वाडी असेलच. माझा खोकला मला आठवतो. लाकूड बंद करा म्हणू, तर त्या सुनेचं काय, दत्ताच्या पोरींचं काय, माझ्या नोकरीचं काय? मॅडम म्हणाल्या होत्या, उगवणारं झाड परत ओढून घेतं. कुठलं झाड, कुणाच्या जागेत, शेळ्यांपासून ते कोण राखणार, हे विचारायचं मला त्या दिवशी सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं होतं. तुम्ही पहिलाच प्रश्न तो विचारला होतात, कुठनं येतं. मी ठेकेदाराचं नाव सांगून मोकळा झालो.

आता गेल्या रविवारचं सांगतो. रजा टाकून ताईकडं गेलो होतो. ती एकटी आहे, पण वाडी सोडून किकवीला यायला तयार नाही. दत्ताही आला होता. तुमचा वाटा आता ताईच्या नावावर लागतोय, आणि ठेकेदार परत आला आहे. झऱ्याच्या वरची जी पट्टी तुम्ही राखली होती, ती त्याला हवी आहे.

दत्ता काही वाईट बोलत नव्हता. तो म्हणाला, "वैनी, झरा तर आटलाच. मग पट्टी राखून उपेग काय? ती दिली तर खालच्या हिरीवरनं पाइप टाकता येईल, मोटर बसंल, नळ दारात. तुमाला ह्या वयात कळशी व्हायला लागतीय ते मला बघवत न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "संपतराव, तुमी सांगा."

ताईनं कागद माझ्यापुढं ठेवला. "सांग संपा. करू का सही?"

दाजी, मी त्या कागदाकडं बघत बसलो. झाडं देऊन पाणी चढवायचं, जे पाणी झाडं आपोआप देत होती. तेही खात्रीनं देत होती का? पट्टी राहिली तरी झरा यंदा आटलाच ना. पुढच्या वर्षी येईल? कोण सांगणार? वीज गेली की मोटर बंद, आणि वाडीत वीज जाते किती. पण आज, आत्ता ताईच्या खांद्याला घट्टे पडलेत. मला वाटलं, म्हणावं, मला माहीत नाही, तू आणि दत्ता ठरवा. ते अगदी खरं होतं. म्हटलं असतं तर पुढं काहीही झालं तरी मला म्हणता आलं असतं की मी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "करू नको."

दत्ता काही बोलायला गेला, ताईनं हातानं थांबवलं. ती मला म्हणाली, "आन् पानी?"

"मी दर गुरुवारी येईन. पाण्याची टाकी भरून ठेवीन, ठेकेदारानं पाडलेल्या वाटेनं टेम्पो चढवून का होईना. दोन पावसाळे बघू. खुंटांना कुंपण घालू, शेळ्या आत येणार नाहीत असं."

"दोन पावसाळ्यांनी बी झरा न्हाई आला तर?"

"माहीत नाही."

तिनं कागद उचलून घेतला. मग म्हणाली, "मग आइक. झरा न्हाई आला, आन् माजं हाल झालं, तर म्या समद्यास्नी सांगनार, माज्या भावानं सांगितलं म्हनून म्या सही केली न्हाई."

"सांग," मी म्हटलं.

तिनं कागद घडी घालून दत्ताच्या हातात दिला. दत्ता नाराज होऊन गेला. त्याचा राग मला समजतो.

बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही. सोमवारी मी कामावर होतो. वेल्ह्याचा ट्रक आला, मी माल उतरवून घेतला, भट्टीचं दार उघडलं आणि जाळ घातला. तुमच्या वाडीत सही करू नको म्हणणारा आणि हा, एकच माणूस. तुम्ही असता तर मला यावरून सोडलं नसतं. मीही ऐकून घेतलं नसतं. आवाज चढले असते, ताईनं आतून दोघांना दटावलं असतं, आणि मग तुम्ही पाट सरकवून म्हणाला असता, बसा संपतराव, भाकरी निवतीय.